सँटोरिनी पाहायचंय? आधी पवनीची टेकडी चढा

मोबाईल काढा आणि तुमचं 'सेव्ह' केलेल्या रील्सचं फोल्डर उघडा. पैज लावून सांगतो, त्यात एक तरी सँटोरिनीचं रील असणार. पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट, खाली निळाशार समुद्र, मागे एखादं हळवं गाणं. खाली कुणीतरी मित्राला टॅग करून लिहिलेलं असतं, 'भाऊ, एकदा तरी जायचं.' मग विमानाचं भाडं बघितलं जातं, व्हिसाचा खर्च बघितला जातं आणि फोल्डर गुपचूप बंद होतं.

जा ना, जरूर जा. नोकरी लागू द्या, चार पैसे साठू द्या. पण ते रील खरं कशावर उभं आहे, हे आधी समजून घ्या. आणि ते समजलं की नागपूरहून उमरेड-भिवापूरची बस पकडून जेमतेम ऐंशी किलोमीटरवरच्या एका गावात उतरा. पवनी, जिल्हा भंडारा. का, ते सांगतो.

राखेखालचं शहर

सँटोरिनी म्हणजे साधं बेट नाही, तो एका ज्वालामुखीच्या तोंडाचा काठ आहे. इसवी सनापूर्वी सोळाशेच्या आसपास तिथं इतका प्रचंड उद्रेक झाला की बेटाचा मधला भाग खचला आणि त्या खड्ड्यात समुद्र शिरला. आज रीलमध्ये जो चंद्रकोरीसारखा कडा दिसतो, तो त्या खड्ड्याचा काठ. पांढरी घरं त्या काठावर बसली आहेत. ज्वालामुखी अजून विझलेला नाही. त्याचा शेवटचा उद्रेक १९५० मधला. २०२५ च्या फेब्रुवारीत भूकंपाचे धक्के एवढे वाढले की हजारो लोक काही दिवसांसाठी बेट सोडून गेले.

या बेटाच्या दक्षिण टोकाला अक्रोतिरी नावाचं गाव आहे. तिथं राखेखाली अख्खं शहर सापडलं. १८६० च्या दशकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी या बेटांवरून ज्वालामुखीची राख खणून नेत होते, तेव्हा पहिल्यांदा जुन्या भिंती दिसल्या. पुढे १९६७ मध्ये स्पिरिदोन मारिनातोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञानं अक्रोतिरीत पद्धतशीर खोदकाम सुरू केलं. दोन-तीन मजली घरं निघाली, सांडपाण्याची व्यवस्था निघाली, भिंतींवरची चित्रं निघाली. त्यात मुष्टियुद्ध खेळणारी दोन मुलं आहेत, भिरभिरणाऱ्या पाकोळ्या आहेत आणि निळी माकडं आहेत. गंमत बघा, त्या माकडांची शेपटी आणि ठेवण पाहून काही संशोधकांचं म्हणणं असं आहे की ती आपल्याकडची काळ्या तोंडाची वानरं असावीत. म्हणजे तुमच्या गच्चीवरचे पापड पळवणाऱ्या मंडळींचा फोटो साडेतीन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या एका भिंतीवर लागला होता म्हणायचं!

आणि दंतकथा? त्या तर ढिगानं. एक ग्रीक कथा सांगते की युफेमस नावाच्या वीरानं समुद्रात मातीचं एक ढेकूळ टाकलं आणि त्यातून हे बेट उगवलं. दुसरी सगळ्यांना ठाऊक आहे. प्लेटोनं लिहिलेलं, एका दिवस-रात्रीत समुद्रात बुडालेलं अटलांटिस ते हेच, असं मानणारे आजही भरपूर आहेत.

आता पवनीत या

पवनीला ज्वालामुखी नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. नागपूरची सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या खडकाची. पण पूर्वेला येता येता तो लाव्हा संपतो. भंडारा जिल्ह्याचा बहुतेक खडक त्याच्याही कितीतरी आधीचा. म्हणजे आपली जमीन सँटोरिनीपेक्षा फार म्हातारी आणि स्वभावानं शांत.

पण बेट म्हणाल तर पवनी जवळजवळ बेटच होतं. एका अंगाला वैनगंगा. उरलेल्या तिन्ही अंगांना मातीचा भलामोठा तट आणि त्याच्या बाहेर खंदक. शत्रू आला तर त्याला चारही बाजूंनी पाणीच दिसणार. आजही गावात शिरताना तुम्ही त्या तटाला छेदूनच आत जाता. जवाहर गेटजवळ थांबा, पाठीवरची सॅक खाली ठेवा आणि दोन मिनिटं त्या दगडांकडे बघा. घाई करू नका. गावातली माणसं रोज तिथून दुधाचे कॅन घेऊन जातात, त्यामुळे त्यांना त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला वाटलं पाहिजे.

गावाला 'विदर्भाची काशी' म्हणतात. देवळं मोजायला बसलात तर दिवस जाईल. वैनगंगेवर दिवाण घाट आहे, वैजेश्वराचा घाट आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांतला पंचमुखी गणेश इथलाच. संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसलात की समोर ढिवरांच्या नावा दिसतात आणि मागे कुठल्यातरी देवळातली घंटा ऐकू येते. सनसेट पॉइंट म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

पवन राजा आणि परीस

दंतकथेशिवाय जुनं गाव शोभत नाही. पवनीची दंतकथा पवन राजाची. लोक सांगतात की या राजाजवळ परीस होता. तो प्रजेकडून सारा म्हणून नाणी घेत नसे, नांगराचे झिजलेले लोखंडी फाळ घेई. परीस लावला की फाळाचं सोनं. शेतकरीही खूश, राजाही खूश. वर्ध्याजवळच्या पवनारलाही हीच गोष्ट सांगतात.

आता हसू नका. या गोष्टीत परीस खोटा असेल, पण लोखंड खरं आहे. विदर्भात लोखंड वितळवण्याची विद्या फार जुनी. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली, तीही बुद्धाच्या आधीच्या काळातली. महापाषाण संस्कृतीच्या माणसांची शिळावर्तुळं नागपूरच्या आसपास विखुरलेली आहेत, आणि भंडारा जिल्ह्यात पिंपळगाव, तिलोता खैरी, ब्राह्मी या गावांकडे मोठमोठ्या शिळांची स्मारकं आहेत. ज्या मुलखात फाळाला धार आली, तिथं जंगल तोडून धान पिकायला लागलं. धान पिकलं तिथं बाजार भरला आणि बाजाराच्या जागी नगर उभं राहिलं. पवनीच्या आसपासचा हा चौरास पट्टा आजही धानाचा आणि मिरचीचा. लोखंडाचं सोनं झालंच की! फक्त ते परिसानं नाही, शेतकऱ्यानं केलं. लोकांनी इतिहास विसरताना त्याची गोष्ट करून ठेवली, एवढंच.

सांचीहून रुंद

पवनीतली खरी कमाल मात्र टेकड्यांच्या पोटात आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथं उत्खनन केलं. नेतृत्व शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचं. लक्षात घ्या, तिकडे मारिनातोस अक्रोतिरीत राख उपसत होते, त्याच वर्षांत इकडे पवनीत कुदळ चालत होती. जगन्नाथ टेकडी, चांडकापूरची टेकडी आणि हरदोलाला टेकडी अशा तीन ठिकाणी खोदकाम झालं.

जगन्नाथ टेकडीवर देऊळ होतं, म्हणून ते नाव. त्या टेकडीच्या पोटात निघाला बौद्ध स्तूप. मौर्य काळाच्या सुमारास बांधलेला, पुढच्या शतकांत वाढवलेला. सुरुवातीचाच व्यास सुमारे ३८ मीटर. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीस मीटरच्या आसपास. परत एकदा वाचा हवं तर. ज्या सांचीचं चित्र आपल्या दोनशेच्या नोटेवर आहे, तिच्या स्तूपाहून पवनीचा स्तूप रुंदीला मोठा होता. स्तूपाभोवती दगडी कठडा होता, त्यावर कोरीव काम होतं आणि दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली होती.

त्यातला एक शिल्पपट दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. झाडाखाली एक रिकामं आसन आणि त्यावर पाच फण्यांचा नाग. शेजारी ब्राह्मीत त्याचं नाव कोरलंय, मुचलिंद नाग. कथा अशी की ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानात बसले असताना अवेळी वादळ आलं. सात दिवस पाऊस थांबेना. तेव्हा मुचलिंद नावाच्या नागराजानं त्यांच्याभोवती वेटोळं घातलं आणि वर फणा धरला. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत, म्हणून आसन रिकामं. जो दिसत नाही, त्याच्यावर धरलेलं ते छत्र आहे.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला होता, आठवतंय? भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावंच्या गावं पाण्यात होती, पवनीही त्यात होती. नदीकाठच्या या गावात दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराला पावसापासून वाचवणारा नागच कोरावासा वाटला असेल, तर त्यात नवल काय?

आणखीही बरंच सापडलं. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला लेखयुक्त स्तंभ पवनीचा. भार वंशातल्या भगदत्त राजाचा शिलालेखही इथलाच. सातवाहनांची नाणी निघाली. ज्या गावाच्या बसस्टँडवर तुम्ही 'पुढची गाडी कधी?' म्हणून विचारता, त्या गावाचा व्यवहार एकेकाळी किती दूरवर पोचला होता, हे यावरून समजतं.

मग एवढं सगळं गेलं कुठं?

हा प्रश्न तुम्हाला टेकडीवर उभं राहिलात की पडेलच. अक्रोतिरीत तीन हजार सहाशे वर्षांपूर्वीची खोली जशीच्या तशी आहे, आणि इथं मात्र गवत, ढिगारा आणि विटांचे तुकडे. आपल्या लोकांनी नीट सांभाळलं नाही, असं म्हणून मोकळं व्हायचं का?

थोडं थांबा. अक्रोतिरी टिकलं, कारण ते मेलं. एका झटक्यात राखेखाली गेलं आणि नंतर त्याला कुणी हात लावला नाही. पवनी कधी मेलीच नाही. बौद्ध भिक्खू गेले, देवळं आली. सातवाहन गेले, वाकाटक आले, पुढे गोंड आले, भोसले आले. प्रत्येक पिढीला घर बांधायचं होतं, विहीर बांधायची होती. घडवलेला दगड समोर पडलाय, भाजलेली वीट हाताशी आहे, मग नवी कशाला करा? असा हा जिवंत गावाचा हिशेब. राखेनं जपलं ते शहर रिकामं आहे. माणसांनी वापरून संपवलं त्या गावात मात्र आजही चूल पेटते.

म्हणून पवनी बघायची तर नजर बदलावी लागते. तिकीट काढून आत गेलं आणि पाटी वाचली, असं इथं होत नाही. इथं एखाद्या देवळाच्या पायरीला लागलेला दगड बघून तुम्हालाच विचारावं लागतं, 'बाबा, तू मुळात कुठला?'

पण कालपर्यंतचं एक आणि आजचं एक. पूर्वी वीट नेणाऱ्याला ती कशाची हे माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे. तेव्हा टेकडीवरून खापराचा तुकडासुद्धा खिशात घालू नका. 'एकच तर आहे' असं प्रत्येकजण म्हणतो. तो तुकडा ज्या थरात आहे तिथं असेल, तर त्याला काळ सांगता येतो. तुमच्या शोकेसमध्ये गेला की तो नुसता खापर. आणि शेतात नांगरताना नाणं, मूर्ती, ताम्रपट काही निघालं तर लपवू नका. १८७८ पासून गुप्तधनाचा कायदा आहे, अशी वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. गावातल्या काकांना हे माहीत नसेल, तर तुम्ही सांगा.

आपलं अटलांटिस

दुपारी गावाबाहेर पडा आणि गोसेखुर्दच्या धरणाकडे जा. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. इंदिरासागर हे त्याचं कागदावरचं नाव. भिंतीच्या वरच्या बाजूला वैनगंगा समुद्रासारखी पसरलीय. पाण्यातून टेकड्यांचे माथे वर आलेत आणि खरीखुरी बेटं झालीत. वर कुही तालुक्यात आंभोऱ्याला जा. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' जिथं रचला अशी परंपरा आहे, ते हे आंभोरा. शके १११०, म्हणजे ११८८. पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वर, आता नवा केबलचा पूल आणि बोटी. रविवारी सेल्फीला जागा मिळत नाही.

बोटीत बसलात की एकदा खाली बघा. त्या पाण्याखाली गावं आहेत. घरं, गोठे, चावडी, पोळ्याचं तोरण लागायचं ती जागा, पाण्याच्या वाटा, बोराची झाडं. हे प्लेटोनं रचलेलं अटलांटिस नव्हे. ज्यांची ती घरं होती ती माणसं पुनर्वसनाच्या गावठाणात राहतात, आणि मोबदल्याचे, सोयींचे त्यांचे प्रश्न कित्येक वर्षं चालू आहेत. धरणाचं पाणी धानाला मिळावं हेही खरं, आणि त्यासाठी कुणाचं तरी अंगण गेलं हेही तेवढंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच बोटीतून दिसतात.

अक्रोतिरीबद्दलची एक गोष्ट मुद्दाम शेवटाला ठेवली होती. त्या राखेखाली उद्रेकात सापडलेल्या माणसांचे सांगाडे मिळाले नाहीत. किमती चीजवस्तूही फारशा मिळाल्या नाहीत. आधी भूकंपाचे धक्के बसले असावेत, लोक सावध झाले, जमेल ते उचललं आणि निघून गेले. कुठं गेले? त्यांची नावं काय? गाव सोडताना म्हातारी उंबऱ्याशी थबकली होती का? साडेतीन हजार वर्षांत जगातल्या मोठमोठ्या विद्वानांना याचं उत्तर मिळालेलं नाही. कारण त्या वेळी कुणी लिहून ठेवलं नाही.

आपल्याकडच्या पाण्याखालच्या गावांतली माणसं अजून आहेत. तुमच्या वर्गात त्यांचा नातू असेल. तुमचीच आजी असेल. तिला कुठल्या गल्लीत कुणाचं घर होतं, विहिरीचं पाणी गोड होतं की खारट, माता मायच्या देवळासमोर कोणतं झाड होतं, हे सगळं पाठ आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते सांगणारं कुणी उरणार नाही.

तेव्हा एक काम करा. हातातल्या ज्या मोबाईलवर सँटोरिनीचं रील बघता, त्यातच रेकॉर्डर आहे. आजीजवळ बसा. 'आजी, जुन्या गावचं सांग ना,' एवढंच म्हणा आणि मग गप्प बसा. एका वहीत गावाचा नकाशा तिच्याकडून काढून घ्या, वेडावाकडा असला तरी चालेल. घरांची नावं लिहा. तारीख टाका. याला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. पन्नास वर्षांनी कुणी संशोधक आला, तर त्याच्यासाठी हे परिसाहून मोलाचं असेल.

जायचं कसं, बघायचं काय

थंडीत जा, डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. उन्हाळ्यात टेकडीवर उभं राहवत नाही. सकाळी लवकर नागपूर सोडा, उमरेडला तर्री पोहे खा. भिवापूरला मिरचीचा वास नाकात शिरला की समजा पवनी आली, भिवापुरी मिरचीला जीआय मानांकन आहे. भंडाऱ्याहून येणार असाल तर साधारण ४५ किलोमीटर. आधी तट आणि गेट, मग पंचमुखी गणेश, मग जगन्नाथ टेकडी, जेवण करून धरण, आणि ऊन कलताना परत घाटावर. वेळ असेल तर जवळच्या रुयाडची महासमाधीभूमी बघा. जुना स्तूप टेकडीच्या पोटात असताना त्याच मुलखात आपल्या काळात उभा राहिलेला हा नवा महास्तूप.

मुक्काम असेल तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहेच. इथल्या 'जय' वाघाची गोष्ट कुणालाही विचारा. २०१३ मध्ये तो नागझिऱ्याहून चालत, रस्ते आणि नद्या ओलांडत इथं आला. २०१६ मध्ये दिसेनासा झाला, तो पुन्हा दिसलाच नाही. चहाच्या टपरीवर प्रत्येकाकडे त्याची वेगळी हकीकत मिळेल. दंतकथा कशी तयार होते, ते तुमच्या डोळ्यांदेखत चाललंय.

जाण्याआधी शक्य झालं तर ब्राह्मीची अक्षरं शिकून घ्या. मुळाक्षरं मोजकीच आहेत, दोन रविवारांत जमतं. आपल्या 'क'ची पणजी म्हणजे एक साधी फुली, बेरजेचं चिन्ह काढतो तशी. मग संग्रहालयात काचेमागचा दगड नुसता दगड राहत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपलं नाव कोरून ठेवलंय आणि ते तुम्ही, तुमच्या डोळ्यांनी, अडखळत का होईना, वाचताय. त्या क्षणाचं रील काढता येत नाही.

सँटोरिनीला तर जाच. अक्रोतिरीच्या त्या रिकाम्या खोल्या बघाल तेव्हा तिथला गाईड सांगेल, 'इथली माणसं कुठं गेली, कुणालाच ठाऊक नाही.' त्या वेळी तुमच्या बॅगेत आजीनं काढलेल्या नकाशाचा फोटो असू द्या.